सद्गुणांची चेकशीट

भोसरीतल्या आमच्या सोसायटीत मुलांवर संस्कार दर रविवारी दहा ते अकरा या वेळेत होतात. अकराला त्याच हॉलमध्ये झुंबा असतो, त्यामुळे संस्कार वेळेत आटपावे लागतात. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीलाही मी तिथे घातलं होतं. मी चाकणच्या कंपनीत क्वालिटीला, शिफ्ट बदलती, घरी असेन तेव्हा बहुतेक झोपलेला. लेकीचं चारित्र्य घडवायला सवड कुणाला? कंपनीतही निम्मे पार्ट आम्ही बाहेरूनच करून घेतो.

वर्गाच्या बाईंनी प्रत्येक मुलाला एक तक्ता दिला होता. डावीकडे सद्गुण: खरं बोलणं, मोठ्यांना मदत करणं, ताटात न टाकणं, न रागावणं. वर महिन्याच्या तारखा. जमलं तर बरोबरची खूण, नाही जमलं तर फुली, आणि खाली पालकांची सही. तो तक्ता बघून मला भरूनच आलं, इतका तो आमच्या चेकशीटसारखा होता. रोज सही करायला मी जागा कुठे सापडणार? म्हणून महिन्याभराच्या सह्या मी पहिल्याच दिवशी ठोकून टाकल्या.

चेकशीट म्हणजे काय, तेही सांगतो. मशीनवरचे पाच नग दर दोन तासांनी मोजायचे आणि मापं कागदावर लिहायची. मालाची घाई असली की मोजणं राहतं आणि कागद कोरा राहतो. मग ऑडिटची तारीख आली की सगळ्यांना एकदम नियम आठवतात. त्या महिन्यात आमचं ऑडिट होतं. कोऱ्या कागदांचा गठ्ठा मी घरी आणला आणि जेवणाच्या टेबलावर मांडला.

मुलगी शेजारी येऊन बसली. बापाचा सहवास तिला तेवढाच, म्हणून मीही हौसेनं शिकवलं. सगळं एका पेनानं भरायचं नाही, ऑडिटर लगेच ओळखतो. आकडे सगळे छान छान नकोत, मधूनच एखादं काठावरचं माप टाकायचं, म्हणजे खरं वाटतं. एखाद्या कागदावर चहाचा कप टेकवायचा. कप टेकवायचं काम तिनं फार मन लावून केलं.

"अहो, काय शिकवताय पोरीला?" बायकोनं आतून विचारलं.

"काम," मी म्हणालो.

ऑडिट निर्विघ्न पार पडलं. साहेबांनी पाठ थोपटली.

महिना संपल्यावर पहिल्याच रविवारी तक्त्यांचं बक्षीस होतं. पहिला नंबर माझ्या मुलीचा. बाईंनी तिचा तक्ता सगळ्यांना उंच धरून दाखवला. "बाकीच्यांच्या सगळ्या खुणा बरोबरच्या. हिनं मात्र न रागावण्यापुढे दोन फुल्या मारल्यात. याला म्हणतात प्रामाणिकपणा!" मी टाळ्या वाजवत होतो. मग तक्त्याच्या कोपऱ्यातला चहाचा गोल डाग दिसला आणि माझ्या टाळ्या थांबल्या.

बाईंनी तिच्यापुढे माईक धरला. "सांग बाळा, रोज न चुकता कसं जमलं?"

"रोज नाही भरला. काल भरला," ती म्हणाली. "चार पेनं घेतली. दोन फुल्या मारल्या, म्हणजे खरं वाटतं. पप्पांनी शिकवलं."

हॉलमध्ये बसलेले निम्मे बाप चाकण, तळेगाव, तळवड्याच्या कंपन्यांतले. आधी सगळे खो खो हसले. मग एकेक जण मोबाइलमध्ये डोकं घालून बसला. बाईंनी मुलीच्या हातातली ट्रॉफी काढून घेतली आणि दुसऱ्या नंबरला दिली. महिनाभर एकदाही न रागावलेलं ते रत्न परवाच लिफ्टपाशी वॉचमनवर खेकसताना मी पाहिलं होतं.

सोसायटीचे चेअरमन मूळचे भोसरी गावातलेच. तेवढे एकटे बोलले, "आवो बाई, पोरगी खरं बोलली म्हून बक्षीस काढून घेता व्हय?" झुंबावाले दारात उभे होते.

माझी लेक रिकाम्या हातांनी माझ्याकडे बघत होती आणि मी चपला शोधत होतो. या गोष्टीची मला अजून लाज वाटते.

घरी आल्यावर तिनं नव्या महिन्याचा कोरा तक्ता काढला. आजच्या तारखेला, खरं बोलण्यापुढे, बरोबरची खूण केली. "सही फक्त आजची करा," म्हणाली. मग पट्टीनं खाली एक रेघ आखली, तिथे 'पप्पा खरं बोलले' असं लिहिलं आणि पेन माझ्या हातात दिलं.

पुढच्या ऑडिटचे कोरे कागद माझ्या बॅगेत होते. मी त्या ओळीपुढे फुली मारली.

तिनं ती नीट निरखून पाहिली.

"पप्पा, ही खरी फुली आहे, की खरं वाटावं म्हणून मारलीत?"