हळदीची घट

मापाडीचाचा नसते, तर शेठचं दुकान गेलं असतं आणि माझी नोकरीही. हे आधी सांगतो, मग झालं ते.

मी कोकणातला, आठवीतच शाळा सुटलेला. वसमतला एका कर सल्लागारांकडं कागद जुळवायला लागलो. एका हळद व्यापाऱ्याचं, म्हणजे या शेठचं, ऑडिट निघालं, तेव्हा खरेदी-विक्रीचा तक्ता मीच केला. खरेदी कच्च्या वाळलेल्या हळदीची, विक्री पॉलिश केलेल्या हळदीची. ड्रममध्ये फिरताना साल, माती, मुळं झडतात, वजन उतरतं, हे इथलं लेकरूही जाणतं. आमच्याकडं कोकणात हळद परसात, ती पातोळ्यांच्या पानांपुरती. घटीचा रकाना मी ठेवलाच नाही. साहेबांनी माझ्या भरवशावर सही केली. कर खात्याचा आदेश आला : कमी दिसणारा माल बिलाशिवाय विकला, कर भरा, वर दंड.

शेठ ऑफिसात येऊन म्हणाले, "म्हंजे झडलेली माती बी मी विकली का? दुकान झाकतो मग!"

साहेब मला रागावले नाहीत. तेच जड गेलं. "अपील करू," म्हणाले, "पण घट कागदावर दाखवावी लागंल."

पॉलिशची बिलं होती, वजनं नव्हती. ती शोधत शेठच्या गोदामात गेलो. तिथं चाचा माल मोजत होते.

"काहून तोंड पाडून फिरून राहिला रे?"

सांगितलं. ते हसलेच. "इतके दिस वसमतचं पाणी पेला, अन् हळद झडती हे कळलं न्हाई?"

मग त्यांनी त्यांची वही काढली. मजुरीवरून हमालांत भांडण नको म्हणून मशीनच्या आधीचं आणि नंतरचं वजन ते रोज लिहीत. सगळं उर्दूत. तीन दिवस काम सोडून ते वाचत गेले, मी मराठीत उतरवत गेलो. प्रत्येक आकडा दोनदा विचारायचो. "भेव नको," म्हणायचे, "पण बराबर लिही. खाली सही माझी हाय."

सुनावणीला अधिकाऱ्यांनी विचारलं, "ही वही नंतर तयार केली नाही कशावरून?"

चाचा म्हणाले, "साहेब, मागून लिहिली असती तर साफ असती. पानापानाला हळद लागली हाय."

अधिकाऱ्यांनी पानं उलटली, तारखा बिलांशी ताडून पाहिल्या. महिन्याभरानं आदेश रद्द झाल्याचं पत्र आलं. ते घेऊन मी थेट गोदामात चाचांकडं गेलो.

चाचांनी त्या तीन दिवसांची मजुरी घेतली नाही. "तू घरापासून लांब हायस, राहू दे," एवढंच म्हणाले. पण त्यांच्या घरी कधी सरकारी कागदाचं काम निघालं, तर माझे तीन दिवस त्यांचे. तीन काय, लागतील तेवढे.