पोचवायला गेलेले बाबा

पाहुण्याला जेवू घालणारी माणसं जगात पैशाला पासरी सापडतील, पण पाहुण्याला निरोप द्यावा तो माझ्या मित्राच्या बाबांनीच. हा मित्र आणि मी पनवेलच्या एकाच शाळेत शिकवतो. तो गणित, मी मराठी. त्याचं गाव शहराला लागूनच, एका अंगाला खाडीचं दलदलीचं खाजण, दुसऱ्या अंगाला पडीक माळ. पहिल्यांदा त्याच्याकडे जेवायला गेलो, तेव्हा निघताना मी शहाण्यासारखा उंबऱ्यातच नमस्कार केला आणि मोटारसायकलला किल्ली लावली. बाबांनी ती काढून स्वतःच्या खिशात टाकली. "आसं जातात का कुठं, सर?" म्हणून माझी पिशवी खांद्याला अडकवून ते चालू लागले आणि भर दुपारी मी गाडी ढकलत त्यांच्या मागे. गावाच्या शिवेवर रस्त्याखाली पाण्याची एक मोरी आहे, मोरीपलीकडे शेंदूर फासलेला दगड. तिथे बाबा थांबले. किल्ली दिली, पिशवी दिली आणि म्हणाले, "हितं आमची हद्द संपली. आता तुमी तुमचे. परत या." शिवेवर 'परत या' म्हटलेला माणूस परत येतोच, घरातून म्हटलेलं लागू पडत नाही, असा त्यांचा ठाम सिद्धांत होता. मी परत गेलो हे खरं, पण त्यात शिवेपेक्षा त्यांच्या घरच्या कोलंबीच्या कालवणाचा वाटा मोठा असावा.

पोचवण्याच्या बाबतीत बाबा डावं-उजवं करत नसत. व्याही असो की वीजमीटर बघायला आलेला माणूस, प्रत्येकाच्या नशिबी तो दगड होताच. एकदा एक विमावाला आला. बाबांनी विमा घेतला नाही, पण त्याची बॅग काढून घेतली आणि काही न बोलता ते त्याला शिवेकडे घेऊन निघाले. आपल्याला गावाबाहेर काढतायत अशी बिचाऱ्याची समजूत झाली, आणि मोरीजवळ पोचताच "परत या" ऐकायच्या आत तो बॅग हिसकावून पळाला. तो काही परत आला नाही, आणि बाबांच्या मते सिद्धांताचा तोच पुरावा. मित्रानेही एकदा शिक्षकांच्या खोलीत सहज सांगितलं, "बाबा आत्याला पोचवायला गेलेत." सगळ्यांचे चेहरे पडले. मुख्याध्यापकांनी तर त्याला अर्धी रजा मंजूर करून टाकली. आत्या तेव्हा जासईला आपल्या घरी मासे तळत होती.

मग गाव महापालिकेत गेलं. गाव तिथल्या तिथेच होतं, पण गेलं असं सगळे म्हणू लागले. कचऱ्याची गाडी गाणं वाजवत दारात यायला लागली. बाबांना वाटलं, शहराने एवढी गाणं लावून गाडी पाठवायची आणि आपण ती रिकामी परत धाडायची, हे काही बरं दिसत नाही. घरात कचरा निघेना, कारण खरकटं कोंबड्यांना जायचं आणि पालापाचोळा चुलीला. मग ते ड्रायव्हरला कधी दुधी, कधी शेवग्याच्या शेंगा देऊ लागले. ओला कचरा की सुका, हे त्या भल्या माणसाला समजेना. खाजणाच्या कडेने दिव्यांचे खांबही उभे राहिले. पुढेमागे तिथे रस्ता होणार, घरं होणार, असं सांगत होते. सध्या त्या उजेडात खेकडे फिरत. बाबा तिथे उभे राहून बराच वेळ पाहत आणि म्हणत, "चांगलं हाय. पन कोनासाठी हाय, ते इचारून घ्या जरा."

खरा घोळ झाला तो शिवेचा. महापालिकेच्या हद्दीचा फलक लागला तो दगडाच्या कितीतरी पुढे, दोन-तीन गावं ओलांडून, हमरस्त्यावर. बाबांनी मला गाठलं.

"सर, आमची शीव आता कुठली?"

"गावाची शीव आहे तिथेच, बाबा. हद्द तेवढी शहराची वाढली."

"गाव शहरान हाय का नाय?"

"आहे."

"मंग शहर संपल्याबिगर गाव कसं संपंल?"

शीव म्हणजे हद्द, असं मी वर्गात बिनदिक्कत सांगत आलो होतो. त्या दिवसापासून तो शब्द आला की मी फळ्याकडे तोंड करतो.

बाबांनी शेवटी प्रयोगच करायचा ठरवलं. बहीण जासईहून आली होती, तिला नव्या हद्दीपर्यंत पोचवायला ते निघाले. एवढं चालणं शक्य नव्हतं, म्हणून रिक्षा केली. फलक आला, पण मागेपुढे कंटेनरचे ट्रेलर. रिक्षावाला थांबायला तयार होईना. थांबली ती थेट बहिणीच्या दारात. तिने भावाला जेवल्याशिवाय सोडलं नाही, मुक्कामाला ठेवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी जासईच्या शिवेवर आणून उभं केलं. "दादा, तुजी शीव गेली रं," ती म्हणाली, "माजी हाय अजून."

आम्ही हसलो. बाबांना हा प्रश्न एवढा का छळतोय, हे मला फार उशिरा कळलं. मित्राने कामोठ्यात फ्लॅट घेतला होता. मुलांचे क्लासेस तिकडे, बायकोची नोकरी तिकडे. बाबा आणि आई मात्र घर सोडायला तयार नव्हते. बाबांची एकच काळजी होती. पोरगा घर सोडून निघणार, तर त्याला 'परत ये' नेमकं कुठे उभं राहून म्हणायचं?

सामानाचा टेम्पो निघाला तेव्हा बाबा ड्रायव्हरशेजारी बसले, मांडीवर नातीचं दप्तर घेऊन. मी मोटारसायकलवर मागे होतो. दगडाशी बाबांनी हात वर केला, टेम्पो थांबला. मित्र मागून उतरून आला. "बाबा, हितं कशाला थांबताव? मी काय परदेशान चाललूय? कामोठा आपल्याच महापालिकेन हाय. एकाच शहरान हाव आपून." गणिताच्या माणसाचं उत्तर, चूक काढायला जागा नाही. बाबांनी हात खाली घेतला. पुढे रस्ता संपेना आणि हद्दही येईना. आली ती सोसायटी, वॉचमन, लिफ्ट. फ्लॅटच्या दारात बाबांनी दप्तर नातीच्या हातात दिलं, आणि 'परत ये' न म्हणताच चपला घालून ते लिफ्टकडे वळले.

परतताना ते माझ्या मागे बसले होते. मोरीजवळ मी गाडी हळू केली, तेव्हा माझ्या खांद्यावरचा त्यांचा हात जड झाला.

"सर, त्यो बोलतो मी गेलोच नाय. बराबर हाय त्याचा. पन गेलाच नाय, त्यो परत कसा येल?"

खरं सांगायचं तर मला रडू येत होतं, आणि गाडी चालवताना ते बरं नसतं.

घरी आई सूप घेऊन ओट्यावर बसल्या होत्या. "पोचवलाव पोराला?" त्यांनी विचारलं.

"नाय," बाबा म्हणाले. "आपल्याच हद्दीन हाय त्यो."

सवयीने आईंनी सगळ्यांचे तांदूळ सुपात घेतले होते. त्यांनी त्यातले निम्म्याहून जास्त परत डब्यात ओतले.