अंबादासरावांचं खलास

अंबादास सोनटक्के हा माणूस गेली बावीस वर्षं उणे अठरा अंशांत काढतोय, आणि तेही शारजात! हमरिया फ्री झोनमध्ये गोठवलेल्या कोळंबीचं एक कोल्ड स्टोअर आहे, त्याचा हा सुपरवायझर. भर जूनमध्ये जॅकेट घेऊन घराबाहेर पडणारा अल नहदा वस्तीतला एकमेव मराठी माणूस. स्टोअरचं दार कुणी जरा वेळ उघडं ठेवलं की हा ओरडलाच, "खैरुद्दीन, दरवाजा! थंडी तेरे बाप की है क्या?" फोर्कलिफ्टवाला खैरुद्दीन शांतपणे "खलास, साब" म्हणतो आणि दार लावतो. तिथे या एका शब्दावर सगळा कारभार चालतो. माल भरला, खलास. जेवण झालं, खलास. नको, पुरे, सोड आता, तेही खलासच.

एरवी गडी भित्रा. जत्रेतला पाळणा लांबून दिसला तरी पाऊल मागे. एकुलती एक लेक शर्वाणी हट्टानं त्याला रांगेत उभं करायची, आणि नंबर जवळ आला की याच्या कंबरेत नेमकी कळ यायची. "तू जा गं, मी पिशव्या बघतो." जत्रा झाल्या, वॉटर पार्क झाले, या गृहस्थानं इमानेइतबारे पिशव्या बघितल्या! आता पोरगी अठरा वर्षांची झाली, ऑगस्टात कॅनडाला शिकायला चालली. त्याआधी जानेवारीत स्वित्झर्लंडची सहल ठरली तेव्हा ती म्हणाली, "बाबा, लास्ट चान्स. वन राइड विथ मी. नो बॅग्ज." कुठल्या तंद्रीत कुणास ठाऊक, अंबादास हो म्हणाला. आता शब्द फिरवला तर लेक तशीच जाणार, आणि ती रुखरुख जन्मभर पुरणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

राइड तरी कसली? डोंगरावरून खाली उतरलेली, शंभराहून जास्त वर्षं जुनी बर्फाची घसरण. दर हिवाळ्यात माणसं फावड्यानं बर्फ रचतात, पाणी मारतात, हातानं भिंती गुळगुळीत करतात. ऊन वाढलं की सगळं वितळून जातं, पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून. त्यातून चौघांना घेऊन पोलादी घसरगाडी ताशी शंभराच्या वर वेगानं सुटते.

"कॉम्प्रेसर कुठाय?" अंबादासनं पहिलं हेच विचारलं. कॉम्प्रेसर नव्हता. पाइप नव्हते. त्यानं भिंतीवर बोटानं टकटक केलं, वाकून पाहिलं. निळसर, आरपार नितळ. असा बर्फ त्यानं जन्मात पाहिला नव्हता. "ना दार, ना छप्पर, आणि असा माल!" तो पुटपुटला. चक्क जळला हो माणूस.

बायको सुलभा मोबाइल सरसावून खाली, घसरणीच्या टोकाशी जाऊन उभी राहिली. वर बापलेकीच्या डोक्यावर हेल्मेट चढलं. गाडीत पुढे चालक, त्याच्यामागे शर्वाणी, तिच्यामागे अंबादास आणि सगळ्यात मागे गाडी ढकलून आत उडी मारणारा ब्रेकवाला. शारजाहून आलेत म्हटल्यावर ब्रेकवाला खूश! तो चार वर्षं दुबईत, एका मॉलमधल्या बर्फावर पोरांना स्की शिकवत होता. "हबीबी!" म्हणून त्यानं अंबादासची पाठ थोपटली.

अंबादासनं समोर पाहिलं. पहिल्याच वळणाला घसरण दिसेनाशी होत होती. इंग्रजी आठवेना, हिंदी आठवेना. बावीस वर्षांची सवय तेवढी ओठांवर आली. दोन्ही हात हलवत तो ओरडला, "खलास! खलास!"

नको, पुरे, मला उतरवा, असं बिचाऱ्याला म्हणायचं होतं. ब्रेकवाला समजला, झाली तयारी.

"खलास? यल्ला!" म्हणत त्यानं गाडी ढकलली.

पुढचं सव्वा मिनिट काही विचारू नका. भिंत खाली, आभाळ बाजूला, मान खांद्यात. पहिल्या वळणाला त्याला आई आठवली, दुसऱ्याला कुलदैवत, आणि तिसऱ्यापासून तो नुसता "दरवाजा! दरवाजा बंद करो!" एवढंच ओरडत राहिला.

गाडी थांबली. सुलभा धावत आली. "अहो, बसलात की हो! खरंच बसलात!" अंबादासची छाती फुगली, आणि लगेच बसली. लेकीशी खोटं कसं बोलायचं?

"शर्वू, खरं सांगू? मी बसलो नाही, मला नेलं. मी उतरवा म्हणत होतो गं."

शर्वाणी हेल्मेट काढेना. आतूनच म्हणाली, "आय नो. आय हर्ड यू."

"चिडलीस?"

"चिडू? आय वॉज सो हॅपी!" तिनं हेल्मेट काढलं, तर चेहरा पांढराफटक आणि डोळ्यांत पाणी. "म्हटलं, थँक गॉड, बाबा उतरतोय, आता मला पण उतरता येईल. यू ऑल्वेज बॅक आउट, बाबा! आय वॉज काउंटिंग ऑन इट!"

"अगं वेडे, मग तूच नाही म्हणायचं होतंस!"

"कसं म्हणू? तू पहिल्यांदा आला होतास ना."

गाडीतून उठायचंही अंबादासच्या ध्यानात राहिलं नाही. तिथेच बसून त्यानं लेकीला घट्ट धरलं आणि लहान पोरासारखा रडला.