कपाळावरचे नऊ मार्कर

११ डिसेंबरला सकाळी सव्वासात वाजता नगरच्या एका खासगी रुग्णालयात मी दोन लाख दहा हजार रुपये अनामत भरली. सोबत बायको आणि पुणतांब्याहून आलेल्या सासूबाई. बायकोच्या मेंदूत उजव्या बाजूला बावीस मिलिमीटरची गाठ होती. आठवड्यात दोनदा झटके आले होते. नऊला ऑपरेशन.

आदल्या दिवशी तिच्या कपाळावर आणि कानांमागे रबरी चकत्यांसारखे नऊ मार्कर चिकटवून एमआरआय केला होता. तिथल्या डॉक्टरांनी मला पडदा दाखवला. कवटी उघडल्यावर हत्याराचं टोक नेमकं कुठे आहे, ते त्याच एमआरआयवर हिरव्या रेघेने दिसतं, आणि ती रेघ या मार्करांवरून बसवतात. "एकही हलता कामा नये," ते म्हणाले.

पैसे भरून खोलीत आलो, तर बायकोच्या कपाळावर अंगारा. मी मार्कर मोजले. नऊच भरले. पण मधल्या मार्करच्या जागी डिंकाचा गोल डाग होता आणि मार्कर त्याच्या बोटभर वर.

"मामी, हा काढला होता?"

"अंगारा मधीच लावत्यात, जावईबापू. काढला, लावला, परत चिकटवला."

"कुठे?"

"कपाळालाच की. भिताडाला न्हाई."

बायको हसली. माझ्याकडे पाहून थांबली.

बोटभर म्हणजे पंधरा मिलिमीटर. गाठ बावीसची. सर्जन पुण्याहून यायचे. आज राहिलं तर पुढची तारीख दहा दिवसांनी. तोवर तिसरा झटका आला तर?

"नका सांगू," सासूबाई हळूच म्हणाल्या. "ऑप्रेशन थांबवतील."

मी सांगितलं. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी मार्करांवरून रेघ बसवून पडद्याला जोडलेल्या दर्शक सळईचं टोक बायकोच्या नाकाच्या शेंड्याला लावलं. पडद्यावर ते टोक नाकापुढे हवेत तरंगत होतं.

"तुम्ही बोलला नसता, तरी या तपासणीत बहुतेक कळलं असतं," ते म्हणाले.

मला फक्त 'बहुतेक' ऐकू आलं.

नऊही मार्कर नव्याने लावून पुन्हा एमआरआय झाला. एक वाजता तिला आत नेलं. पाच तास आम्ही बाकावर बसलो. सासूबाई अंगारा लावलेलं बोट पदराला पुसत राहिल्या. मेंदूची उजवी बाजू डावा हात चालवते; सहा वाजता बायकोने तो हात उचलून दाखवला.

रुग्णालयाचं अंतिम बिल दोन लाख चौतीस हजार झालं. अनामत वजा जाता चोवीस हजार मी भरले. दुसऱ्या एमआरआयचे सात हजार वेगळे होते. ते सासूबाईंनी कमरेच्या पिशवीतून काढून, माझा हात बाजूला सारून, एमआरआयच्या खिडकीत स्वतः दिले.