जर्मन गाडीचं ऑइल आज मी निवडलं!

मंडळी, आज गॅरेजमध्ये मी हट्टाला पेटले आणि जिंकले!

माझी सेकंडहँड जर्मन गाडी हिंगोलीत ऑइल बदलायला नेली होती. मिस्त्रींनी जुनं ऑइल काढलं आणि नवा डबा हातात घेतला. मी गाडीचं पुस्तक उघडलं. त्यात दिलेला, गाडीच्या कंपनीच्या मंजुरीचा नंबर त्या डब्यावर नव्हताच.

"ताई, ग्रेड बराबर हाय. काहून तकलीफ घेता?" मिस्त्री म्हणाले.

"टाकू दे की," सोबत आलेला नवराही हळूच म्हणाला.

"न्हाई. इंजिन बसलं तर गाडी नांदेडच्या मोठ्या गॅरेजपर्यंत ओढत न्यावी लागंल," मी म्हणाले.

मग मी गाडीतून निघालेला जुना ऑइल फिल्टर आणि मिस्त्रींनी आणलेला नवा शेजारी-शेजारी ठेवले. नवा बोटभर आखूड निघाला!

मग मिस्त्रींनीच दुकानांना फोन लावले. तासाभरात योग्य ऑइल आणि फिल्टर दोन्ही आले.

दोन्ही टाकून कनेरगाव नाक्यापर्यंत गाडी पळवून परत गॅरेजला आणली. इंजिन शांत, खाली एक थेंब नाही. मिस्त्री वाकून बघत हसले, "ताई, अशी गाडी आली की आता तुमालाच इचारतो."

नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होता!

तुमच्या गाडीत कोणतं ऑइल पडतं, हे तुम्ही स्वतः कधी वाचून बघितलंय का?