वाणात वाटलेली गुडघेदुखीची पुडी

रथसप्तमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझी आत्या बेलपाड्याच्या घरात ओट्यापाशी कोसळली. पनवेलच्या रुग्णालयात तिच्या रक्तातली साखर खूप वाढलेली आढळली. त्याआधी तिला मधुमेह नव्हता.

ती शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी तिला विचारलं, "कुठली औषधं चालू आहेत?"

"कुठलीच नाय. मी गोळीला हात नाय लावत."

तिच्या पिशवीत एक पुडी होती. मी ती टेबलावर ठेवली.

"तो पाला हाय," आत्या म्हणाली. "त्याला औशद कोन म्हनतं?"

पुड्या दिवाळीपासून चालू होत्या. जासईच्या नाक्यावर एकजण टेम्पोतून विकतो. आठवड्यात गुडघे दुखायचे थांबले, मग चेहरा गोल झाला. शेजारणी म्हणाल्या, अंगानं भरलीस. पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव नव्हतं, आत काय आहे तेही नव्हतं. 'दुष्परिणाम नाही' हे मात्र तीन भाषांत छापलेलं होतं.

डॉक्टरांना स्टेरॉइडचा संशय आला; त्यानं दुखणं दबतं, पण चेहरा सुजतो आणि साखर वाढते. पुडी तपासणीला गेली.

मग आत्यानं सांगितलं की यंदा हळदीकुंकवाला तिनं वाण म्हणून हीच पुडी वाटली. "गाळण्या, डबे किती द्याचे? बायांचं दुखनं तरी जाईल."

"त्या परत आणायला हव्यात," मी म्हटलं.

"वान परत मागतात? माझ्या कुकवाच्या मुळावर आलास काय?"

तरी मी तिच्या समोरच्या घरी गेलो. तिथली बाई जिन्यात उभी होती. तिचाही चेहरा सुजलेला होता. डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं.

"पुडी नेशील. मंग रोज मला उचलून जिना चढवाया येशील?" तिनं आत जाऊन दार लावलं.

त्याच दुपारी नाक्यावर विक्री चालू होती. विकणारा म्हणाला, "झाडपाला आहे, साहेब. बाधला तर ज्याच्या त्याच्या पोटाचा दोष." बोलता बोलता त्यानं पुढच्या गिऱ्हाइकाला पुडी दिली.

तपासणीत स्टेरॉइड सापडलं. अहवाल मी आत्याला दोनदा वाचून दाखवला. तिनं फोन मागितला आणि सगळ्यांत आधी समोरच्या बाईला लावला.

"वान परत नको गो बाय. मला बघाया ये. येताना पुडी घेऊन ये."

ती गुरुवारी रुग्णालयात आली. पुडी निम्मी संपली होती. डॉक्टरांनी तिचं रक्त तपासलं आणि तिला आत्याच्याच वॉर्डात दाखल करून घेतलं.