दुसऱ्यांच्या रेकॉर्डचे वाढदिवस

प्रमिलाताई जगदाळे यांची आणि माझी पहिली भेट आमच्या साप्ताहिकाच्या कचेरीत झाली. चिंचवड स्टेशनजवळ, टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत तेव्हा आमचे बस्तान होते. ताई त्यांच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाची बातमी घेऊन आल्या होत्या. मी टेपवर एका परदेशी रॉक बँडची कॅसेट लावून मुद्रिते तपासत बसलो होतो. ताईंनी बातमीचा कागद टेबलावर ठेवला, पण त्या गेल्या नाहीत. गाणे संपेपर्यंत तशाच उभ्या राहिल्या आणि मग म्हणाल्या, "ह्या रेकॉर्डला पुढच्या आठवड्यात पंचवीस वर्षं होतायत. तुमच्या पेपरात कुणी लिहिणार आहे का?"

महापालिकेच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या, सुती साडीतल्या बाईंच्या तोंडून हा प्रश्न ऐकून मी गोंधळलो. म्हणालो, "तुम्हीच लिहा की."

"लिहीन," त्या म्हणाल्या, आणि तीन दिवसांनी लेख आणून दिला.

'रेकॉर्डचा वाढदिवस' हे सदर असे सुरू झाले. पॉप आणि रॉक संगीतातल्या गाजलेल्या तबकड्यांना पंचवीस, चाळीस, पन्नास वर्षे पूर्ण होत आली की ताई त्यांच्यावर लिहीत. तबकडी कुठल्या परिस्थितीत तयार झाली, कोण कुणाशी भांडले, स्टुडिओत काय बिघडले आणि बिघडले म्हणूनच काय चांगले झाले, हे त्या अशा सांगत की ती मंडळी आकुर्डीच्या एखाद्या चाळीत राहत असावीत. सुरुवातीला मला धास्ती होती. आमचे वाचक कंपन्यांतले कामगार, दुकानदार, गावाकडून आलेली कुटुंबे. त्यांना या परक्या गाण्यांचे काय? पण एकदा छपाईच्या गडबडीत सदर राहून गेले, तर चाकणच्या एका कंपनीतून फोन आला, "भाऊ, ह्या आठवड्यात कुणाचा वाढदिवस न्हाई का?"

मोठ्या वर्धापनदिनाला ताई वाचकांना घरी बोलवत. पोहे, चहा, आणि मग संपूर्ण रेकॉर्ड, दोन्ही बाजू, मध्ये कुणी बोलायचे नाही. अशाच एका बैठकीला चाकणहून बालाजी नावाचे फिटर आले होते. मूळचे मराठवाड्यातले, रात्रपाळी आणि वर ओव्हरटाइम करून थेट आलेले. दुसऱ्या गाण्याला त्यांचा डोळा लागला आणि पुढे ते घोरू लागले. आम्ही काही जण हसलो. ताईंनी हात वर करून आम्हाला थांबवले. रेकॉर्ड संपल्यावर हलक्या आवाजात म्हणाल्या, "झोपू दे त्यांना. गाणं ऐकता ऐकता झोप लागली, ह्याहून मोठी दाद कोणती?" बालाजी जागे झाले तेव्हा बाकीचे पाहुणे निघून गेले होते आणि ताईंनी त्यांच्यासाठी पिठलं-भाकरी केली होती. ओशाळून ते म्हणाले, "म्याडम, मला कायबी ऐकू आलं न्हाई की हो." ताईंनी त्यांच्यासाठी रेकॉर्ड पुन्हा पहिल्यापासून लावली.

ताईंच्या शिकवण्याविषयी त्यांचे विद्यार्थी पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात लिहीत आहेतच. मला सांगायचे आहे ते वेगळे आहे. ताईंच्या परवानगीने सांगतो आहे. हा लेख लिहायचे ठरले तेव्हा त्या म्हणाल्या, "लिहायचंच असेल तर ते लिही. कौतुक जरा कमी कर."

दोनेक वर्षांपूर्वी पुनावळ्याची काही तरुण मुले-मुली कचेरीत आली. आयटीत नोकरी करणारी, हौसेने बँड चालवणारी. त्यांना 'लूप लाइन' या जुन्या स्थानिक बँडचा सुवर्णमहोत्सव करायचा होता. या बँडची एकच छोटी रेकॉर्ड निघाली होती, चार गाण्यांची. त्यातले एक गाणे मराठी होते आणि कॉलेजांच्या गॅदरिंगमध्ये पुढे बरीच वर्षे ते वाजत राहिले. मराठीतले रॉक तिथूनच सुरू झाले असे ही मुले मानतात. त्यांना आमच्याकडून एक लेख हवा होता. मी साहजिकच ताईंना फोन केला.

"हा मी नाही लिहिणार," ताई म्हणाल्या.

इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच नकार दिला होता. संध्याकाळी त्या मुलांना घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. एका मुलीने फोनवर रेकॉर्डचे कव्हर दाखवले. दापोडीच्या रुळांजवळ तीन तरुण उभे आहेत, कव्हरच्या मागे तिघांची नावे. ती मुलगी म्हणाली, "मॅडम, आम्हाला एकच कोडं आहे. गाणारे यासीन मुलाणी, गिटारवर देहूरोडचे दोघं भाऊ. मग ड्रम्स कोण वाजवतंय? इतका सुंदर ठेका, आणि नावच नाही."

ताईंनी फोन हातात घेतला.

"मी वाजवतेय," त्या म्हणाल्या.

मग त्यांनीच सगळे सांगितले. त्या माहेरच्या साळवी. वडील कोकणातून देहूरोडला संरक्षण खात्याच्या कारखान्यात नोकरीला आले. शेजारी लष्करातले एक निवृत्त बँडमास्तर राहत. त्यांनी आपल्या दोन मुलांबरोबर शेजारच्या या मुलीलाही शिकवले. मुलांनी गिटार घेतली, हिने ड्रम्स. पुढे दापोडीच्या यासीनची ओळख झाली. त्याच्या वडिलांच्या मोटार गॅरेजात रविवारी सुट्टी असे, तिथे चौघे तालीम करत. शेजारच्या लूप लाइनवर मालगाड्या ताटकळत उभ्या असायच्या, त्यावरून बँडचे नाव पडले. मुंबईच्या एका कंपनीने त्यांची गाणी ध्वनिमुद्रित केली. कव्हरसाठी फोटो काढायचा होता त्या आठवड्यात वडिलांनी ताईंना चुलतबहिणीच्या लग्नाला गावी नेले.

रेकॉर्ड छापून आली तेव्हा गॅरेजात चौघांनी मिळून पुडके उघडले. ताईंनी कव्हर उलटसुलट करून पाहिले.

"यासीन, माझं नाव?"

"राहून गेलं," तो म्हणाला. दुसरे काही नाही. मानही वर केली नाही.

ताईंनी ड्रमच्या काठ्या तिथेच ठेवल्या आणि घरी आल्या. परत गेल्या नाहीत. यासीन दोनदा देहूरोडला आला, पण त्या बाहेर आल्या नाहीत. वडील तेव्हा म्हणाले होते, "बघितलंस? मी सांगत होतो, ती पोरं अशीच असतात." पुढे लग्न झाले, शाळेतली नोकरी लागली. 'लूप लाइन'ची दुसरी रेकॉर्ड कधीच निघाली नाही. यासीनने गॅरेज सांभाळले. सदर सुरू झाल्यावर दोन-तीन वर्षांतच 'लूप लाइन'च्या रेकॉर्डलाही पंचवीस वर्षे झाली. ताईंनी त्या आठवड्यात दुसऱ्याच एका परदेशी रेकॉर्डवर लिहिले. चाळिसाव्या वर्षीही तेच.

"दुसऱ्यांचे वाढदिवस करणं सोपं असतं रे, दिलीप," त्या मला म्हणाल्या. "आणि मला वाटायचं, त्यानं आधी विचारावं. चूक त्याची होती."

दोघे भाऊ एव्हाना वारले होते. यासीनभाई हयात असल्याचे मुलांनी शोधून काढले. राहायला अजून दापोडीतच, ताईंच्या घरापासून लोकलने काही मिनिटांवर. कार्यक्रमाचे बोलावणे करायला मुलांसोबत मी गेलो. ताई आल्या नाहीत.

यासीनभाई खिडकीशी खुर्चीत बसले होते. अर्धांगाचा झटका येऊन गेलेला, उजवा हात मांडीवर निपचित, वाचा जवळजवळ गेलेली. समजत सगळे होते, पण शब्द निघत नव्हता. त्यांच्या पत्नी झुबेदाभाभींनी आम्हाला सरबत दिले. मी साप्ताहिकाचे नाव सांगताच त्या म्हणाल्या, "जगदाळेबाईंचं येतं त्यात. दर आठवड्याला मी वाचून दाखवते ह्यांना. ते ऐकल्याशिवाय जेवत नाहीत."

कव्हरचा विषय निघाला तेव्हा यासीनभाईंनी डावा हात हलवून नको नको अशी खूण केली. भाभींनी त्यांच्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "नाही, आता मी सांगणार. पुष्कळ झालं."

कव्हर छापायला जाण्याआधी साळवीकाका, म्हणजे ताईंचे वडील, गॅरेजवर आले होते. एकटेच. तरुण यासीनला बाजूला घेऊन म्हणाले होते, "माज्या पोरीचं नाव छापू नको रे बाबा. फोटो पण नको. उद्या स्थळ येईल, लोक विचारतील कुठं जाते, कुणाबरोबर वाजवते. तुला बहीण आहे ना?" आणि हात जोडून त्याच्याकडून शपथ घेतली होती, की हे प्रमिलाला कधी कळता कामा नये.

"ह्यांनी जबान दिली," भाभी म्हणाल्या. "साळवीकाका गेल्याचं कळलं तेव्हा मी म्हटलं, आता तरी सांगा तिला. तर म्हणाले, गेलेल्या माणसाच्या नावावर कशाला टाकायचं? तिचा बाप आहे. माझ्यावर रागावलीय तेच बरं."

यासीनभाई खिडकीबाहेर बघत होते.

ताईंना हे सांगण्याचे काम माझ्यावर आले. मी सांगितले. त्या स्वयंपाकघरात होत्या, गॅस बंद करून स्टुलावर बसल्या. रडल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, "बाबा दर दिवाळीला मला विचारायचे, 'अजून वाजवावंसं वाटतं का गो?' मी नाही म्हणायचे. मला वाटायचं, मायेनं विचारतात." मग म्हणाल्या, "मायाच असणार. पण काय करायचं तिचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दापोडीला निघाल्या. मला बरोबर चल म्हणाल्या, म्हणून ती भेट मी पाहिली. पन्नास वर्षांनी समोरासमोर आलेली ती दोन माणसे. यासीनभाई उठायला धडपडले. ताईंनी त्यांना खांद्याला धरून खाली बसवले. ते काही म्हणू पाहत होते. ओठ हलत, आवाज अडकत होता, चेहरा लाल झाला.

"राहू दे, यासीन," ताई म्हणाल्या. "मला कळलंय सगळं."

यासीनभाईंनी मान हलवली. पुन्हा जोर लावला आणि एकच शब्द स्पष्ट निघाला, "उशीर."

"हो," ताई म्हणाल्या. "फार उशीर."

मग ताईंसाठी खुर्ची आणली गेली आणि दोघे खिडकीशी बसून राहिले. भाभी मला आत घेऊन गेल्या.

कार्यक्रम चिंचवडच्या एका सभागृहात झाला. यासीनभाईंना आणायचे ठरले होते, पण आदल्या दिवशी त्यांना ताप भरला आणि डॉक्टरांनी हलवू दिले नाही. पुनावळ्याच्या मुलांनी चारही गाणी चांगली वाजवली. निवेदिकेने प्रथमच चार नावे घेतली. सभागृह उभे राहिले, टाळ्या थांबेनात. ताईंना दोन शब्द बोलायचा आग्रह झाला. त्या माइकपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही हे केलंत, तुमचे आभार. पण हा वाढदिवस आम्ही पंचविसाव्या वर्षी करायला हवा होता. तेव्हा आम्ही चौघंही होतो. यासीन गात होता." इतके बोलून त्या खाली आल्या. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसल्यावर त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

त्या आठवड्याचे सदर त्यांनी लिहिले. सगळ्यांत छोटे. वडिलांविषयी त्यात एक वाक्यही नव्हते, स्वतःविषयीही जेमतेम एक. बाकी सगळे यासीनभाईंच्या आवाजावर होते. भाभींनी ते त्यांना वाचून दाखवले आणि त्या दिवशी, भाभी सांगतात, त्यांनी पुन्हा वाचायला लावले.

ताई एरवी सल्ले देणाऱ्यांतल्या नाहीत. पण गेल्या वर्षी माझे आणि धाकट्या भावाचे वाटणीवरून बोलणे बंद झाले होते, ते त्यांच्या कानावर गेले. त्या कचेरीत आल्या, बसल्या, चहा घेतला आणि निघताना म्हणाल्या, "चूक त्याची असेल. तरी तूच जा." मी गेलो. ताईंनी माझ्यावर केलेल्या अनेक उपकारांत हा मी सर्वांत मोठा मानतो, आणि हे शिकायला त्यांना काय किंमत मोजावी लागली हे मला ठाऊक असल्याने त्यांचे आभार मानायला मला अजून शब्द सापडलेले नाहीत.

आता दर गुरुवारी ताई दापोडीला जातात. वाचा गेलेल्या माणसाला कधी कधी बोलता येत नाही पण गाता येते, असे यासीनभाईंच्या डॉक्टरांनी भाभींना सांगितले होते. भाभींनी पुष्कळ प्रयत्न केले, तरी ते तोंड उघडत नसत. ताईंनी गाण्याचा आग्रह केला नाही. त्या नुसत्या खिडकीच्या लाकडी कठड्यावर बोटांनी त्या मराठी गाण्याचा ठेका धरायच्या. बरेच गुरुवार तेवढेच चालले. मग एकदा यासीनभाईंनी पहिली ओळ गायली. आवाज फाटका, पण शब्द स्पष्ट. दुसरी ओळही आली. तिसरीवर अडकले. ताई ठेका सोडत नाहीत, तो धरून ठेवून वाट बघतात. अजून तिसरी ओळ आलेली नाही.

प्रमिलाताईंनी आज पंचाहत्तरी पूर्ण केली आहे. त्यांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभावे, हे मागणे मागण्यासाठी आपण सारे या ग्रंथात जमलो आहोत. माझे मागणे थोडे अधिक आहे. तितकेच आयुष्य दापोडीच्या यासीनभाईंनाही मिळो. दोघांपैकी एकाचेच आयुष्य वाढून आता भागणार नाही.